साहेबाचं काम शाहूपुरीत कसं करावं

कोल्हापुरातल्या शाहूपुरीच्या एखाद्या गल्लीत बसून बोस्टनच्या किंवा लंडनच्या कंपनीचं सॉफ्टवेअर करून देण्याचा ज्यांचा मानस आहे, अशा होतकरू मंडळींसाठी ही मार्गदर्शिका आहे. हिंजवडीवाल्यांना तिचा उपयोग नाही. त्यांच्याकडं काम मिळवायला एक माणूस, करार करायला दुसरा आणि माफी मागायला तिसरा असतो. इथं ही तिन्ही खाती एकच माणूस सांभाळतो. त्याला मालक म्हणतात.

साहित्य: एक गाळा, चार पोरं, एक इन्व्हर्टर, एक साहेब. साहेब म्हणजे परदेशातून पैसे पाठवणारी व्यक्ती. ती बाई असली तरी आमच्या ऑफिसात साहेबच. गाळा शक्यतो जुना बघावा. १८९५ साली शाहू महाराजांनी ही पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी, आणि आमच्या गाळ्याखालीही पूर्वी गुळाची वखारच होती. पुढं गूळ मार्केट यार्डात गेला, वास मागं राहिला. मुंग्याही राहिल्या. त्या आता कीबोर्डात असतात.

नियम १. आपले ठिकाण साहेबास बेताने सांगावे.

आमचे मालक सुरुवातीला 'पुण्याजवळ' असं सांगत. पुणे इथून सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढं आहे, पण अमेरिकेतून बघितलं तर जवळच की, असा त्यांचा हिशोब. तो हिशोब एका साहेबानं पुण्यात उतरून "दुपारी जेवायला तुमच्या ऑफिसवर येतो" असा निरोप धाडेपर्यंत चालला. मालक म्हणाले, "या की." साहेब दिवेलागणीला पोचला.

हल्ली ते 'पुणे-बेंगळुरू आयटी पट्ट्यात' असं लिहितात. यात काडीचं खोटं नाही. महामार्ग गावाला लागूनच जातो, आणि दोन्हीकडच्या आयटीवाल्यांना घेऊन जाणाऱ्या ट्रॅव्हल्स रात्री इथं चहाला थांबतात.

नियम २. घड्याळे दोन ठेवावीत व दोन्हींवर विश्वास ठेवू नये.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या आपण हिवाळ्यात साडेदहा तास पुढं असतो, उन्हाळ्यात साडेनऊ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते लोक घड्याळ तासभर पुढं करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागं घेतात. लंडनवाले हाच उद्योग मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी करतात. मधल्या दिवसांत ज्याचे दोन्हीकडं साहेब आहेत त्यानं लग्नकार्य काढू नये.

साहेबाचा सकाळी दहाचा कॉल थंडीत आपल्याकडं रात्री साडेआठला पडतो, उन्हाळ्यात साडेसातला. हे दर वर्षी होतं, दर वर्षी मार्चमध्ये साहेब एकटाच तासभर कॅमेऱ्यासमोर बसून राहतो, आणि दर वर्षी मालक एकच मुद्दा मांडतात: "घड्याळ त्यांनी हलवलं, आपण का हलायचं?" यावर उत्तर नाही. उपाय आहे: कॉलचं निमंत्रण साहेबाच्या कॅलेंडरातून यावं. मग त्यांचं घड्याळ हललं की आपल्याकडचा कॉल आपोआप सरकतो.

पोटनियम: अमेरिकन माणूस ०३/०४ लिहितो तेव्हा त्याला ४ मार्च म्हणायचं असतं. आपण ३ एप्रिल समजून निवांत बसतो. महिना अक्षरी लिहावा.

नियम ३. काम समजल्यावाचून 'होईल' म्हणू नये.

या नियमासाठीच हा सगळा खटाटोप आहे. बाकीचे भरतीला घेतलेत.

कॉलवर साहेब काहीही म्हणाला तरी आमचे मालक "व्हतंय की" म्हणतात. इंग्रजीत म्हणतात, पण ते तेच असतं. एकदा एका दुकानदार साहेबानं सांगितलं, गिऱ्हाइकाला ऑर्डर रद्द करता आली पाहिजे. व्हतंय की. पोरांनी चार दिवसांत बटण बसवलं, लाल रंगाचं, छान. माल घरी पोचल्यावरही ते चालू ठेवायचं का, हे कुणी विचारलं नव्हतं. लोकांनी माल ठेवून घेतला, बटण दाबलं आणि पैसे परत मिळवले. साहेबाचा आवाज त्या दिवशी स्पीकर न लावता ऐकू येत होता.

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागू नये. उद्यमनगरात, शिरोलीला, गोकुळ शिरगावला आपण जन्मभर दुसऱ्याचं काम करत आलोय. पार्टीकडून ड्रॉइंग येतं. त्यावर मापं असतात, माप किती कमीजास्त चालेल तेही असतं. सँपल कास्टिंग पास झाल्याशिवाय लॉट ओतायचा नाही, हे फाउंड्रीतल्या पोरालाही ठाऊक असतं. मालकांचे वडील फाउंड्रीतच होते. मापाची शंका आली तर ते सायकल काढून पार्टीच्या दारात जायचे, असं मालकच अभिमानानं सांगतात. त्यांचे चिरंजीव लॉट आधी ओततात आणि ड्रॉइंग नंतर मागवतात.

तर करायचं ते असं. कॉल संपल्यावर झोपण्याआधी साहेबाला मेल लिहावा. त्यात तीन गोष्टी असाव्यात: आम्हाला हे समजलं, हे आम्ही करणार नाही, आणि हे तुम्ही ठरवायचंय. तिसऱ्या भागात गोल गोल विचारू नये, आकडे घालून विचारावं. गिऱ्हाइकानं तीन वस्तू मागवल्या, एक पोचली, दोन वाटेत आहेत, आता तो रद्द म्हणतोय. त्याला किती पैसे परत द्यायचे आणि वाटेतला माल कुणाच्या खर्चानं फिरवायचा? असा मेल गेला की साहेब दोन-चार दिवस गप्प होतो. घाबरू नये. त्यालाही ते ठाऊक नसतं, तो त्याच्या साहेबाला विचारायला गेलेला असतो. कामाआधीची ही शांतता फुकट असते. कामानंतर आली तर तिचं बिल आपल्याला बसतं.

मी असा मेल लिहायला बसलो की मालक मागं येऊन उभे राहतात. "एवढं विचारलं तर त्याला वाटंल, यांना काय येत न्हाई." ही भीती आमच्या सगळ्या गल्लीला आहे. लाल बटण बघून साहेबाला काय वाटलं असेल, याची मात्र कुणाला भीती वाटत नाही.

नियम ४. साखळीतील आपली कडी ओळखावी.

काम थेट साहेबाकडून येतं असा गैरसमज नसावा. अमेरिकेतली कंपनी ते बेंगळुरूला देते, बेंगळुरू पुण्याला, पुणं आमच्या मालकांना आणि मालक गारगोटीच्या एका पोराला. पैसे उतरताना प्रत्येक पायरीवर थोडे सांडतात. ते व्यापारात चालायचंच. बातमी चढताना सुधारते, ते मात्र वाईट. गारगोटीचा पोरगा म्हणतो, तीन आठवडे लागतील. मालक पुण्याला दोन सांगतात. पुणं बेंगळुरूला सांगतं, आठवड्यात देतो. बेंगळुरू साहेबाला कळवतं, झालंच आहे, तपासणी तेवढी बाकी. गारगोटीच्या पोराला यातलं काहीच माहीत नसतं, म्हणून तोच एकटा शांत झोपतो.

नियम ५. शुक्रवारी सर्व्हरवर काहीही चढवू नये.

त्यांचा शुक्रवार मावळतो तेव्हा आपला शनिवार उजाडलेला असतो. बिघाड निस्तरायला आपण एकटेच जागे.

नियम ६. अमेरिकन साहेब फुटबॉलचा विषय काढेल तेव्हा हुरळून जाऊ नये.

त्याचा फुटबॉल हातानं खेळतात. आपल्या पाटाकडील तालमीच्या फुटबॉलचं त्याला काही सांगू नये.

नियम ७. आपत्तीचा आराखडा तयार ठेवावा.

मोठा साहेब करार करण्याआधी विचारतो, तुमच्याकडं संकट आलं तर माझ्या कामाचं काय? पुण्यातल्या कंपन्या यावर चाळीस पानं देतात. आमचं एक पान आहे. पंचगंगा राजाराम बंधाऱ्याशी ३९ फुटांवर गेली की इशारा: इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या माळ्यावर. ४३ फूट, धोका: पोरं लॅपटॉप घेऊन राजारामपुरीत मालकांच्या मेहुण्याकडं. साहेबाच्या तपासनिसाला हे फार आवडलं. संकट इतकं मोजून मापून येतं, असं त्यानं कुठंच पाहिलं नव्हतं.

यातलं एक काम मात्र खरंच करावं. कोडची आणि माहितीची प्रत गावाबाहेरच्या सर्व्हरवर रोज जावी, आणि अधूनमधून ती परत उतरवून चालवून बघावी. न उतरवलेला बॅकअप हा बॅकअप नसतो, ती श्रद्धा असते.

ऑगस्ट २०१९ मध्ये नदी ५५ फुटांवर गेली. व्हीनस कॉर्नर पाण्यात, कुंभार गल्लीत पाणी, शिरोलीजवळ महामार्ग बंद. मेहुण्याचं घर कोरडं होतं. पोरं आदल्या रात्रीच गेली होती; मालक मागं राहिले आणि उरलेले लॅपटॉप चादरीत बांधून, गाठोडं डोक्यावर घेऊन मांडीभर पाण्यातून बाहेर आले. खाली कुंभारांच्या गणपतींची काय अवस्था झाली ते बघून आले होते, त्यामुळं बराच वेळ बोलले नाहीत. मग अंग पुसून मेहुण्याच्या देवघराशेजारी बसले आणि साहेबाला आठवड्याचा अहवाल वेळेवर पाठवला. त्यात पुराबद्दल एकच ओळ होती: इकडं सध्या हवा जरा ओलसर आहे.

त्या दिवशी या माणसाचा मला अभिमान वाटला, आणि त्याच दिवशी हेही कळलं की जो पूर आलाय हे सांगत नाही, तो काम मागं पडलंय हे कधीच सांगणार नाही.

नियम ८. पैशाचे कागद पैशाआधी करावेत.

तीस टक्के आगाऊ घ्यावेत. साहेब कितीही गोड असला तरी घ्यावेत. सेवा परदेशी दिली तर जीएसटी शून्य दरानं लागतो, पण त्यासाठी एलयूटी म्हणजे हमीपत्र भरावं लागतं, आणि ते दर आर्थिक वर्षी नव्यानं. विसरलात तर आधी कर भरा आणि मग परतावा मागत फिरा.

बँकेत डॉलर आले की ते कशाबद्दल आले याचा रिझर्व्ह बँकेनं ठरवलेला कोड द्यावा लागतो. सॉफ्टवेअरच्या सल्ल्याचा आणि कामाचा कोड पी ०८०२. आमच्या पहिल्या रकमेच्या वेळी काउंटरवरच्या बाईंनी मायेनं विचारलं, "मुलगा तिकडं असतो का?" आणि पी १३०१ टाकला. तो कुटुंबाच्या चरितार्थासाठी परदेशातून आलेल्या पैशाचा. दुरुस्तीसाठी मी अर्ज घेऊन निघालो तर मालक म्हणाले, "असू दे की. खोटं काय हाय त्यात?"

तरी दुरुस्त करावा. निर्यातीचा पुरावा म्हणून हा कोड असलेला बँकेचा कागदच पुढं लागतो.

नियम ९. पोरांना इतिहास सांगताना जपून सांगावा.

पगारवाढ मागायला पोरगं आलं की मालक त्याला बसवून इन्फोसिसची गोष्ट सांगतात. १९८१ साल, पुणे, सात जण, सुधा मूर्तींनी दिलेले दहा हजार रुपये, आणि पहिलं गिऱ्हाईक थेट न्यूयॉर्कचं. त्या काळी काम इकडं येत नव्हतं, माणसालाच तिकडं जावं लागे. कंपनीला स्वतःचा कॉम्प्युटर मिळायला १९८३ साल उजाडलं. तुम्हाला तर मी आल्या आल्या लॅपटॉप दिला!

मागच्या खेपेला एका पोरानं सगळं मन लावून ऐकलं आणि अदबीनं म्हणाला, "मालक, ते सातही जण पाटणी कॉम्प्युटर्समधली नोकरी सोडून आले होते." मग राजीनामा टेबलावर ठेवला. आता तो हिंजवडीत आहे. तिथंही आमच्याच साहेबाचं काम करतो, पण साखळीत आमच्या एक कडी वर. पूर्वी आम्ही त्याला काम सांगायचो, आता तो आम्हाला सांगतो. व्यवस्थित सांगतो, आकडे घालून. कुणी शिकवलं असेल ते मी मालकांना विचारलेलं नाही.

नियम १०. आपणच साहेब झाल्यास काय करावे.

अलीकडं कामं वाढली आणि चांगलं डिझाइन करणारं माणूस गावात मिळेना, म्हणून मालकांनी मनिलातल्या एका बाईंना काम दिलं. म्हणजे शाहूपुरीनं समुद्रापार काम धाडलं. मालकांनी त्या दिवशी अख्ख्या गल्लीला चहा पाजला.

कामाचा तपशील त्यांनी स्वतः लिहिला: "मस्त करा. मॉडर्न वाटलं पाहिजे." बाईंचं दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. हे आम्हाला समजलं, हे आम्ही करणार नाही, हे तुम्ही ठरवायचंय. खाली प्रश्न होते, लांबलचक. फोनवर किती रुंद दिसायला हवं? मराठी अक्षरं कुठल्या टंकात? गिऱ्हाइकाचं नाव फार लांब असलं तर तोडायचं की दोन ओळींत घ्यायचं? तीस टक्के आगाऊ कधी मिळतील?

मालक वैतागले. "लई विचारती ही बाई. हिला काय येतंय का न्हाई?" चार दिवस त्यांनी उत्तर दिलं नाही, कारण त्यांनाही ठाऊक नव्हतं. शेवटी उत्तरं मी लिहिली. काम सांगितलेल्या तारखेला आलं आणि एकही दुरुस्ती निघाली नाही. असं आमच्याकडं पूर्वी झाल्याचं पोरांना आठवत नाही.

मी म्हटलं, मालक, पुढची सगळी कामं यांनाच देऊ. मालक म्हणाले, रेट जास्त हाय तिचा, आणि डोकं खाती. त्यांनी आता दुसरा माणूस बघितलाय. निम्म्या पैशात करतो, एक प्रश्न विचारत नाही, आणि काहीही सांगितलं की लगेच होईल म्हणतो. मालक त्याच्यावर फार खूश आहेत. काम पुढच्या महिन्यात यायचंय.