सही कुणाची?

डोंबिवली पूर्वेला, आमच्याच इमारतीतली मुलगी. मराठी शाळेत शिकलेली, आता पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. गेल्या महिन्यात तिने कॉलेजात इंग्रजीतला प्रोजेक्ट दिला आणि तो परत आला. शेरा होता : मजकूर एआयने लिहिलेला आहे.

ती वही घेऊन आमच्याकडे आली. डाव्या पानावर मराठीत मुद्दे, उजव्या पानावर त्यांचं इंग्रजी. एकेक वाक्य तीन-तीनदा खोडून पुन्हा लिहिलेलं, समासात शब्दकोशातून काढलेले अर्थ. बाईंना ही वही दाखवायला गेली, तर उत्तर मिळालं, "सॉफ्टवेअर दाखवतंय, मी काय करू?" वही कुणी उघडलीसुद्धा नाही.

हे 'मी काय करू' मला सहन होत नाही.

चॅटजीपीटी ज्यांनी बनवलं, त्या ओपनएआयनेच एआयचं लिखाण ओळखणारं साधनही काढलं होतं. एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी जेमतेम २६ टक्के त्याला ओळखता आला, आणि माणसांनी लिहिलेल्यापैकी ९ टक्के मजकुरावर त्याने उगाच ठपका ठेवला. जुलै २०२३मध्ये कंपनीने ते बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी, इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा विद्यार्थ्यांचे टोफेल परीक्षेतले निबंध सात डिटेक्टरांकडून तपासून घेतले. सरासरीने निम्म्याहून अधिक निबंध 'एआयचे' ठरले. कारण साधं आहे. मोजके, ओळखीचे शब्द आणि सरळ वाक्यरचना हीच ही साधनं यंत्राची खूण मानतात. चूक होऊ नये म्हणून जपून इंग्रजी लिहिणारी आमची मराठी माध्यमाची पोरं नेमकी असंच लिहितात!

'सॉफ्टवेअर दाखवतंय' हे उत्तर आमच्या भागाला नवीन नाही. २०१७चा उन्हाळा ज्यांच्या घरात कुणाचं पदवीचं शेवटचं वर्ष होतं, ते विसरलेले नसतील. मुंबई विद्यापीठाने पुरेशी तयारी नसताना ऑनस्क्रीन मूल्यांकन आणलं. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायच्या होत्या. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, मग तारखांवर तारखा पडत गेल्या. काही उत्तरपत्रिका सापडल्याच नाहीत, त्या मुलांना सरासरी गुण द्यायची वेळ आली. पुढचे प्रवेश अडकले. ठाण्या-कल्याणची मुलं लोकलने कुर्ला गाठून कलिन्याच्या परीक्षा भवनात खेपा घालत होती आणि खिडकीवर ऐकून परतत होती, "सिस्टिममध्ये दिसत नाही." ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर केलं गेलं. पण मुलाचं गेलेलं वर्ष कुलगुरू गेल्याने परत येत नाही.

तेव्हा यात एआय नव्हतं. पेपर प्राध्यापकच तपासत होते, मधे फक्त स्कॅनर आणि संगणक आले होते. तेवढ्यानेही जाब कुणाला विचारायचा ते कळेनासं झालं. आता तर खरं-खोटं ठरवण्याचं कामच सॉफ्टवेअरकडे चाललं आहे.

एआयवर माझा राग नाही. क्लासची फी न परवडणारा मुलगा रात्री अकरा वाजता मोबाइलवर अडलेलं गणित मराठीत समजून घेत असेल, तर त्याला कुणी अडवू नये. पण गुण कापायचे असतील, मुलाला खोटं ठरवायचं असेल, तर तो निर्णय शिक्षकाचा हवा. कारण लेखी हवं, त्याखाली नावानिशी सही हवी आणि मुलाला दाद मागायला जागा हवी. त्याआधी मुलाला समोर बसवून त्याच्याच प्रोजेक्टवर पाच प्रश्न विचारा. ज्याने स्वतः लिहिलंय, त्याला उत्तरं येतात. दहा मिनिटं लागतात. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात दहा मिनिटं काढणं सोपं नाही, हे मला ठाऊक आहे. पण ज्याच्यावर ठपका ठेवायचा, निदान त्याच्यासाठी तरी ती काढायलाच हवीत.

आमच्या इमारतीतल्या मुलीने आता प्राचार्यांच्या नावे अर्ज दिला आहे. सोबत वहीच्या सगळ्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत. वाचायला अर्धा तास पुरे. कुणीतरी माणसाने त्या वाचाव्यात, एवढीच विनंती आहे.