कडेचे नाना

फोटो हातात आला की माणूस आधी स्वतःला शोधतो, मग बायकोला, मग आपल्यापेक्षा जाड कोण दिसतंय त्याला. आमचे नाना आधी कोपरे बघतात. वरचे दोन, खालचे दोन, आणि या प्रदक्षिणेनंतर वेळ उरलाच तर नवरा-नवरी. शिरपुरात ज्या ज्या घरी नाना लग्नाचा अल्बम बघून आलेत, त्या घराला आपला कोणता मामा 'मऊ', म्हणजे धूसर, आलाय ते पक्कं ठाऊक असतं. अल्बम लपवून ठेवावा तर नाना चहा घेऊनही उठत नाहीत.

नाना म्हणजे निवृत्त ड्रॉइंग मास्तर. त्यांच्या या खोडीचं मूळ शाळेच्या ग्रुप फोटोत आहे. मधल्या खुर्चीवर हेडमास्तर, शेजारी संस्थेचे पदाधिकारी, मग गणित-इंग्रजीवाले. आणि पार टोकाला एकीकडे पीटीचे सर, दुसरीकडे नाना. दरवर्षी तीच जागा, आणि दरवर्षी नानांचा चेहरा अर्धा विरघळलेला. "हेडमास्तरांच्या मिशीचा केस न् केस मोजून घ्या. आणि मला कान होता की नव्हता, ते सांगा!" असं म्हणून ते अजूनही जुने फोटो पुढे करतात.

फंडाचे पैसे आले तेव्हा लोकांनी करवंद नाक्याकडे प्लॉट सुचवला. नानांनी मुंबईहून जुना मामिया आरझेड 67 आणला, सोबत 50 मिलिमीटरचं रुंद भिंग. हा कॅमेरा 1982 साली निघाला. 120 च्या एका रोलवर दहाच फोटो, पण निगेटिव्ह साध्या पस्तीस एमएमच्या साडेचारपट. वजन अडीच किलोच्या वर. काकूंनी तो दोन्ही हातांनी उचलून बघितला आणि म्हणाल्या, "एवढ्यात दुभती म्हैस आली असती. ती निदान कोपऱ्यात बांधता आली असती."

पहिला रोल नानांनी थाळनेरला घालवला. तापीकाठच्या या गावात फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत; खानदेशची ही जुनी राजधानी. न्हाणीघरात अंधार करून नानांनी फिल्म धुतली, वाळवली, आणि दहापटीचं भिंग डोळ्याला लावलं. मधल्या कबरीचा दगड न् दगड मोजून घ्यावा असा. पण चारही कडा? पाण्यात टाकलेल्या पापडासारख्या! बाभळी गेलेल्या, बकऱ्या गेलेल्या, बकऱ्या राखणारा पोरगा तर पुरता गेलेला. मला कबर आवडली. नाना म्हणाले, "मेलेला सुलतान शार्प आणि जिता पोरगा मऊ! हे चालायचं नाही."

तिथून तपास सुरू झाला. नानांनी अंगणातल्या भिंतीवर वर्तमानपत्राची पानं चिकटवली. अक्षर बारीक हवं म्हणून निधनवार्तांची पानं निवडली. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या चार बाया डोक्यावर पदर घेऊन काकूंकडे येऊन बसल्या. "कोन गये व माय?" काकू म्हणाल्या, "फंड गेला."

कॅमेरा भिंतीला तंतोतंत समांतर हवा. तो तिरका असला तर एक बाजू मऊ येणारच, त्यात भिंगाचा काय दोष? म्हणून भिंतीच्या मधोमध, भिंतीला सपाट लावून आरसा धरला. भिंगाचं प्रतिबिंब बरोबर मध्ये दिसेपर्यंत तिकाटणं सरकवायचं. आरसा धरायला मी होतो. "जरा डावीकडे. तुमची डावी नाही हो, भिंगाची!" असं दुपारभर चाललं.

मग कॅमेऱ्याची पाठ फिरवली. या कॅमेऱ्याची पाठ आडवी-उभी फिरते. धूसर भाग फिल्मबरोबर फिरला तर दोष पाठीचा. जागचा हलला नाही तर भिंगाचा. मग फिल्मवर संशय आला. रोल कॅमेऱ्यात फार दिवस पडून राहिला की रुळाशी फिल्मला बाक येतो आणि ती सपाट बसत नाही. म्हणून नाना फिल्म पुढे ओढली की लगेच फोटो काढू लागले. समोर काही असो वा नसो. त्या काळातले आमच्या गल्लीतल्या विजेच्या खांबाचे अप्रतिम फोटो त्यांच्याकडे आहेत.

गावानेही मदत केली. मोबाइलवाला म्हणाला, "नाना, ॲपमध्ये दोन मिनिटांत शार्प करून देतो." त्याच्या दुकानात नाना पुन्हा गेले नाहीत. हलवायाने मात्र मुळालाच हात घातला: "मानसं मझार शेतस ना नाना, मंग कोपरा कसाले दखतस?" नानांनी त्याला शाळेचा ग्रुप फोटो दाखवला.

निष्कर्ष असा निघाला की चारही कोपरे सारखेच मऊ आहेत. नानांना त्या दिवशी विलक्षण आनंद झाला. आतली एखादी काच सरकली असती, किंवा आधीच्या दुरुस्तीवाल्याने वाकडी बसवली असती, तर एकच बाजू बिघडली असती. "म्हणजे भिंग सरळ आहे! माणूस पण सरळ असेल," असं म्हणून त्यांनी पहिल्या मालकाला मनातल्या मनात क्षमा केली. छिद्र साडेचारवर ठेवलं तर कडा जास्त मऊ, सोळावर जरा सावरायच्या. पुसल्या मात्र जात नव्हत्या.

त्याच मालकाने भिंगाच्या पुढच्या अंगाला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. नाना ती रोज मऊ फडक्याने पुसत. पडल्या-झडल्याला आधार म्हणून मारली असणार, अशी त्यांची समजूत. उन्हाळ्यात शिरपूरच्या उन्हाने पट्टीचा गोंद सुटला आणि खालून एक कडी निघाली. तिच्यावर अंतराचे आकडे!

गोम सगळी तिथं होती. कॅमेऱ्याच्या आत आरसा हलायला जागा लागते, म्हणून रुंद भिंग फिल्मपासून लांब राहील अशा युक्तीने घडवावं लागतं. त्या युक्तीची किंमत कडा मोजतात: एका अंतराला नीट, दुसऱ्याला बिघडलेल्या. त्यावर उतारा म्हणून आतल्या काही काचा मागेपुढे सरकवता येतात. आधी फोकस करायचा, अंतर बघायचं, आणि तेवढंच अंतर या कडीवर लावायचं. पहिला मालक जवळचे फोटो काढत असणार. कडी हलू नये म्हणून त्याने ती जवळच्या अंतरावर बांधून टाकली. नाना त्याच कडीवर लांबचं थाळनेर बघत होते. "क्षमा परत घेतो," नाना म्हणाले.

पुढच्याच लग्नात नानांनी वऱ्हाडाचा मोठा ग्रुप घेतला. कडी लावली, छिद्र अकरावर, फोटो काढला. काय कडा आल्या म्हणून सांगू! डाव्या टोकाला नवरीचे चुलते, त्यांच्या कोटाला लटकलेली दुकानाची चिठ्ठी किमतीसकट. आणि उजव्या टोकाला, हातात वरण-बट्टीचं ताट घेऊन, एक गृहस्थ. उसने दिलेले पैसे परत मागणाऱ्यांना ते महिनाभर निरोप देत होते की आपण सुरतला आहोत. बट्टीवरचं तूपसुद्धा ओळखू येत होतं. फोटो गावभर फिरला आणि देणेकरी सुरतेहून परत आला.

त्याचा परिणाम नानांना भोवतोय. आता त्यांनी तिकाटणं मांडलं की कडेला कुणी थांबतच नाही. मामा, मावश्या, आचारी, बँडवाले, सगळे एकमेकांना कोपरं मारत मध्ये घुसतात. दोन्ही टोकांना रिकाम्या खुर्च्या. नाना कॅमेऱ्यावरून डोकं वर काढून ओरडतात, "अरे, कडेला उभं राहा कुणीतरी! फंड घातलाय मी तिथं!"