स्टेअरिंगला हात न लावलेल्यांचा गहिवर

जुन्या ट्रकबद्दल सर्वांत जास्त उमाळा कोणाला येतो, तर जे त्यात बसून कधी घाट चढले नाहीत त्यांना. टेल्कोने 1954 मध्ये डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले, 1969 मध्ये करार संपला, ही जंत्री त्यांना तोंडपाठ. ‘काय दणकट गाडी होती!’ होती ना. पॉवर स्टेअरिंग नाही, त्यामुळे वळणावर ड्रायव्हरला सीटवरून अर्धे उठून चाक ओढावे लागे. पुढे आखूड नाकाच्या गाड्या आल्या, तेव्हा इंजिनच केबिनमध्ये घुसले, डाव्या गुडघ्याला खेटून. भर मे महिन्यात खंबाटकी चढताना ती ऊब काय वर्णावी! गाडी घाटात रुसली की क्लीनरने उडी टाकून मागच्या चाकाला दगड लावायचा. रसिकांच्या भाषेत याला ‘गाडीशी जडलेले नाते’ म्हणतात.

2015 मध्ये राज्य सरकारने ट्रकच्या पाठीवरच्या ‘हॉर्न ओके प्लीज’वर बंदी घातली. हरकत नाही, कॉफीच्या मगांवर त्याला आसरा मिळालाच आहे.

1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. म्हणजे आता नवी हळहळ: ड्रायव्हर लोकांत पूर्वीचा रांगडेपणा राहिला नाही हो! ही हळहळ अर्थातच स्वतःच्या मोटारीत, काचा वर करून, एसी दोनवर ठेवून आणि पुढच्या ट्रकने साइड द्यावी म्हणून हॉर्नवर तळहात दाबून धरत व्यक्त करायची असते.