डायलवाले आप्पा

धुळ्याच्या देवपुरात म्हणा, जळगावच्या रिंग रोडला म्हणा, दर दोन-चार गल्ल्यांमागे एक आप्पा सापडतातच. निवृत्त, अंगात बंडी, आणि माळ्यावरून काहीतरी उतरवण्याच्या बेतात. घरचे त्या वस्तूंना भंगार म्हणतात. पण जुन्या दप्तरांपायी जन्म काढलेले इतिहासाचार्य राजवाडे ज्या धुळ्यात 1926 साली वारले, तिथल्या माणसानं रेडिओ भंगारात घालायचा तरी कसा?

मे महिन्यात पुण्याची नातवंडं आली की आप्पांचं परीक्षा मंडळ बसतं. पहिला पेपर रेडिओचा. जळगाव आकाशवाणी 1976 ला सुरू झाली, तेव्हा हौसेनं घेतलेला.

‘‘आप्पा, हे गाणं पुन्हा लावा ना.’’

‘‘ते जळगाववाल्यांच्या हातात असतं.’’

‘‘मग त्यांना मेसेज टाका!’’

आप्पा फर्माइशीच्या पोस्टकार्डांवर येईपर्यंत पोरगं माळ्यावरून उतरलेल्या कॅसेटची फीत हातभर ओढून मोकळं झालेलं असतं.

खरा पेपर काळ्या डायलच्या फोनचा. नातू रिसीव्हर न उचलताच भोकात बोट घालून आकडा दाबतो. पुन्हा दाबतो, जोरात. आप्पांचा चेहरा खुलतो. ‘‘काय शिकाडतस रे तुमनी शाळामा?’’ पोरगं नापास व्हावं म्हणून इतका जीव टाकणारा परीक्षक दुसरा नसेल.

मग प्रात्यक्षिक. डायल फिरवायचं, सोडायचं. ते मागं येताना आकड्याइतके ठोके लाइनवर जातात: एकाला एक, नवाला नऊ आणि शून्याला चक्क दहा. सगळ्यात लांबचा फेरा शून्याचाच, आणि बाहेरगावचा फोन त्याच्याशिवाय सुरू होत नसे. शेवटचा आकडा चुकला की रिसीव्हर ठेवून पहिल्यापासून. त्यातून रात्री उशिरा एसटीडीचा दर पाव होई, म्हणून आप्पांनी ख्यालीखुशाली विचारली ती अर्धवट झोपेत.

इथवर आप्पांची सरशी. पण नातू ऐकता ऐकता मोजायला लागतो. जळगावचा कोड 0257, म्हणजे 24 ठोके. धुळं 02562, म्हणजे 25. पुणं 020, फक्त 22! मुंबईला 14 आणि दिल्लीला अवघे 12. म्हणजे आप्पांच्या यंत्रावर दिल्ली सगळ्यात जवळ आणि शेजारचं जळगाव दुप्पट लांब.

आप्पांनी हा फोन उभी हयात फिरवला, पण ठोके कधी मोजले नव्हते. अमेरिकेत मात्र 1947 साली कोड ठरवताना असाच हिशेब झाला होता. फोनांची वर्दळ मोठी म्हणून न्यूयॉर्कला 212 दिला. पाच ठोक्यांत काम.

‘‘पुण्याचं कौतुक नको सांगू,’’ आप्पा गुरगुरतात. ‘‘चाळीसगाव काढ.’’

02589. पोरगं बोटांवर बेरीज करतं. 34.

‘‘तरीच चाळीसगावच्या आत्याला तुम्ही कधी फोन करत नाही!’’