नऊच्या आधी न्यूरेंबर्ग नाही

तीर्थरूप अण्णा आणि माई यांना शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

म्युनिकची मंडळी खुशाल आहेत. कुकर होईपर्यंत जेवढं लिहून होईल तेवढं लिहायचं, असं धाकटीने ठरवलं आहे. पार्सल पोचलं. भडंगाचा पुडा जावईबापूंनी दारातच फोडला. मेतकूट धाकटीने लपवून ठेवलंय. मे महिन्यात येताना कंदी पेढे आणू का, हा माईंचा प्रश्न फोनवर अर्धवट राहिला होता. आणू नयेत. युरोपाबाहेरून दुधाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे, आणि कस्टमवाल्यासमोर डबा उघडून "चव तर बघा" म्हणायला माई कमी करणार नाहीत.

रविवारी इथे लोक उपाशी राहतात ही काकूंनी उठवलेली आवई आहे. दुकानं बंद असतात एवढंच खरं. माईंनी काळजी करू नये. शनिवारी पिशव्या भरून ठेवतात.

आता न्यूरेंबर्गचा बेत. दिवस ठरवतानाच सगळ्यांच्या नाकी नऊ आले. सोमवारी संग्रहालयं बंद. रविवारी दुकानं बंद, आणि थोरलीने पोरांसाठी रंगीत पेन्सिलींची यादी पाठवलेली. (स्टेडलर तिथलीच आणि फाबर-कास्टेल शेजारच्या श्टाइनची, त्यामुळे यादी लांब.) रविवारच्या विश्रांतीला इथे राज्यघटनेचं संरक्षण आहे, १९१९च्या वायमार घटनेतलं कलम आजच्या घटनेतही कायम आहे. तेव्हा "मागच्या दाराने द्या म्हणावं" हा अण्णांचा उपाय चालायचा नाही. शनिवारी चिरंजीवांचा फुटबॉल. शेवटी मंगळवार ठरला, जावईबापूंनी रजा टाकली.

पण मंगळवार म्हटला की बायर्न तिकिटाचा नियम आडवा येतो. एका तिकिटावर पाच माणसं बव्हेरियाभर दिवसभर हिंडू शकतात, साध्या गाड्यांनी. मात्र शनिवार-रविवार आणि सण सोडले तर सकाळी नऊच्या आधी ते चालत नाही. आठ अठ्ठावन्नच्या गाडीत ते दाखवणं म्हणजे विनातिकीट प्रवास. माई पाचला उठणार, साडेसहाला दशम्या बांधणार, सातला चपला घालून दारात बसणार आणि पुढचे दोन तास "चला की" म्हणणार. शिवाय प्रत्येक प्रवाशाचं नाव तिकिटावर हवं. अण्णांचं नाव वडिलांच्या नावासकट त्या रेघेत मावणं कठीण. रेल्वेत उभा जन्म काढलेल्या अण्णांना हा नियम मनापासून आवडेल, अशी धाकटीला भीती आहे.

अण्णांनी आणखी एक तयारी ठेवावी. बोरीबंदर-ठाणे, १६ एप्रिल १८५३, हे ते जावयाला दर भेटीत ऐकवतात. जर्मनीतली पहिली आगगाडी न्यूरेंबर्गहून शेजारच्या फ्यूर्टला गेली ती ७ डिसेंबर १८३५ रोजी, म्हणजे सतरा वर्षांहून जास्त आधी. जावईबापू ही तारीख पाठ करून बसलेत. अण्णांना उत्तर सोपं आहे: अंतर जेमतेम सहा किलोमीटर, 'आडलर' हे इंजिन इंग्लंडमधल्या स्टीफन्सनच्या कारखान्यातलं, चालकसुद्धा इंग्रज. आणि पुढच्या वर्षी त्या गाडीने पहिला माल नेला तो बिअरची दोन पिंपं! इंजिनाची प्रतिकृती तिथल्या रेल्वे संग्रहालयात आहे. भांडण तिच्यासमोरच व्हावं.

त्याआधी बाराच्या ठोक्याला चौकातल्या फ्राउएनकिर्श या चर्चपुढे हजर राहायचंय. घड्याळाखाली सात राजपुरुष बाहेर येऊन सम्राटाभोवती फिरतात. मग ड्यूररचं घर. हा चित्रकार १५०९ पासून १५२८ मध्ये मरेपर्यंत तिथे राहिला. गोव्याच्या आत्याला मुद्दाम सांगावं: १५१५ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून आलेला गेंडा पोर्तुगीजांनी गोव्याहून लिस्बनला धाडला. ड्यूररने तो कधीच पाहिला नाही. कुणाचं तरी पत्र आणि एक कच्चं रेखाटन, एवढ्यावर त्याने गेंडा काढला: अंगावर चिलखताचे पत्रे, मानेमागे एक जादा शिंग. युरोपाने तोच खरा मानला.

माईंनी फोनवरून काढलेलं चित्रही त्याच जातीचं आहे. त्यात धाकटी बारमाही बर्फात उभी, चिरंजीव काडी झालेले. चिरंजीवांची पँट कमरेत बसेना म्हणून नवी घेतली. धाकटीच्या मनातल्या माई मात्र अजून ओसरीवर शेंगा सोलत असतात, एका झटक्यात उठून दूध उतरवतात. माईंच्या गुडघ्याचं थोरलीकडून कळलं. परस्पर. माईंनी का नाही सांगितलं? तर न्यूरेंबर्गच्या किल्ल्याची चढण यादीतून काढली आहे. अण्णांनी एकट्याने जावं.

पाण्याच्या बाटल्या घरून न्यायच्या. हॉटेलात बसल्याबसल्या कुणी पेला आणून ठेवत नाही. पाऊण लिटर पाण्याला सात युरो मोजल्यावर जावईबापूंनी बाटलीच्या तळाचा शेवटचा थेंबही सोडला नव्हता, आणि ते पाणी सोड्यासारखं फसफसणारं होतं. अण्णांनी इथे असेपर्यंत कशालाही शंभराने गुणू नये.

शेजारच्या नानांना गाडी लावायला जागा हवी म्हणून परसातला शेवगा तोडायचा, हे काय नवीन? धाकटी दिवाळीत येईपर्यंत त्याला हात लावू देऊ नये. नानांना म्हणावं, गाडी तिरकी लावा.

कुकर झाला. सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

ता. क. बंडूच्या स्थळाचं काय झालं ते फोनवर सांगू नये, काकू मागे उभ्या असतात. उलट टपाली कळवावं. मुलगी नाशिकची की नगरची, एवढं तरी.