राउटरपंत

प्रत्येक गृहनिर्माण संस्थेत एक गृहस्थ असा असतो की, त्याचे घर वगळता बाकी सर्व घरांतले इंटरनेट सुरळीत चालते, आणि तरीही कोणाचे काही अडले की सल्ला विचारायला सगळी संस्था त्याच्याच दारात उभी राहते. कोथरूडच्या बाजूला या गृहस्थांची पैदास किंचित अधिक असावी असा माझा समज आहे. तथापि ठाणे, डोंबिवली आणि नाशिक येथील रहिवाशांनी रुसण्याचे कारण नाही, कारण त्यांच्याकडेही तो आहे. जिवंत माणसांची नावे घेणे शिष्टाचाराला धरून होणार नाही, सबब या लेखापुरते आपण त्याला राउटरपंत म्हणू.

पंतांचे वय चाळिशी ते साठी यांच्या दरम्यान कुठेही असते. नोकरी बँकेत, महाविद्यालयात किंवा एखाद्या कारखान्याच्या हिशेबखात्यात. संगणकाच्या धंद्यातला मनुष्य सहसा पंत होत नाही; ज्या कामाचा दिवसभर पगार घेतला तेच काम रात्री फुकट करण्याची वासना त्याच्यात शिल्लक राहत नाही. पंतांचा व्यासंग असा की, कंपनीने वाऱ्यावर सोडलेले आणि मालकांनी माळ्यावर फेकलेले राउटर घरी आणायचे, त्यांच्यातले फर्मवेअर, म्हणजे त्या डब्याचा अंतर्गत कारभार पाहणारी मूळ आज्ञावली, पुसून टाकायची आणि तिच्या जागी जगभरच्या हौशी मंडळींनी लिहिलेली खुली आज्ञावली गादीवर बसवायची. या राज्यक्रांतीला ते ‘फ्लॅश मारणे’ म्हणतात. दिवाणखान्यातल्या शोकेसच्या ज्या कप्प्यात इतरांच्या घरी लग्नात आलेला कपबश्यांचा संच असतो, त्या कप्प्यात पंतांकडे एकावर एक रचलेले राउटर असतात, आणि खाली बुटांच्या खोक्यात त्यांचे अडॅप्टर. प्रत्येकाच्या वायरीला चिकटपट्टी, तीवर बॉलपेनने ‘9 व्होल्ट’ किंवा ‘12 व्होल्ट’. दोहोंच्या पिना पुष्कळदा सारख्याच असतात म्हणून ही खबरदारी. चिठ्ठ्या लावण्याची हीच शिस्त वहिनींच्या मसाल्याच्या डब्यांनाही लावून पाहण्यात आली होती. ती तेथे चालली नाही.

रविवारी सकाळी पंत जुन्या बाजारात असतात. मंगळवार पेठेतल्या त्या बाजारात नळाच्या तोट्या, मिक्सरची भांडी आणि बंद पडलेली घड्याळे यांच्या ढिगात एखादा मळकट पांढरा डबा दिसला की पंत तो उलटा करतात आणि उपवर मुलीचा बाप स्थळाची पत्रिका पाहतो त्या एकाग्रतेने त्याच्या तळाची चिठ्ठी वाचतात. नाव आणि कूळ जुळले तरी ते एका अंकापाशी अडतात. हा अंक आवृत्तीचा. टीपी-लिंकचा 841 एन हा आपल्याकडे घरोघरी दिसलेला राउटर घ्या: वर्षानुवर्षे नाव तेच, पण पोटातली चिप आणि स्मृती आवृत्तीगणिक बदललेली, आणि एका आवृत्तीची फाइल दुसरीत घातली तर डबा जागच्या जागी निश्चेष्ट पडण्याचा संभव. आठव्या आणि नवव्या आवृत्तीत फ्लॅश स्मृती अवघी 4 मेगाबाइट व रॅम 32; तेराव्यात कंपनीला औदार्याचा झटका आला आणि ते आकडे 8 आणि 64 झाले; चौदाव्यात ती पुन्हा भानावर आली आणि 4 व 32 वर उतरली. त्यामुळे पंत हयातभर तेराव्याच्या शोधात असतात, आणि घरात वडीलधारी माणसे बसलेली असताना “तेरावा मिळाला!” असे हर्षभराने ओरडत दारातून आत येतात, तेव्हा त्यांच्या मातोश्रींच्या चेहऱ्यावर जे भाव उमटतात ते वर्णन करण्यासारखे नसतात.

“चालू आहे साहेब, लाइट लागतो,” विक्रेता सांगतो.

“ते ठीक. पण फ्लॅश चार की आठ?”

“दोनशे,” विक्रेता म्हणतो. घासाघीस येथून पुढे सुरू होते.

या नादाची वंशावळ पंतांना तोंडपाठ आहे आणि ती ऐकवण्यासाठी त्यांना विशेष निमित्त लागत नाही. लिंक्सिस कंपनीने 2002 च्या अखेरीस डब्ल्यूआरटी 54 जी नावाचा निळा-काळा, दोन अँटेनांचा राउटर बाजारात आणला. पुढच्या वर्षी काही चिकित्सक मंडळींनी त्याचे पोट तपासले, तेव्हा त्यात लिनक्स निघाले. आणि लिनक्सच्या जीपीएल परवान्यात कलमच असे आहे की, ही आज्ञावली घालून जो कोणी वस्तू विकेल त्याने तिची मूळ संहिता गिऱ्हाइकाला मागताक्षणी दिली पाहिजे. त्याच वर्षी सिस्कोसारख्या मातबर कंपनीने लिंक्सिस खरेदी केली होती. म्हणजे मिळकत घेतली, पण तिच्यावरचा बोजा सातबाऱ्यावर पाहायचा राहून गेला. ओरड झाली, संहिता खुली करावी लागली, आणि तिच्या पायावर 2004 मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभे राहिले. डीडी-डब्ल्यूआरटी आणि टोमॅटो हे भाऊबंदही त्याच घराण्यातले. पुढे कंपनीने पाचव्या आवृत्तीत लिनक्स काढून टाकले आणि स्मृती निम्म्यावर आणली. पण हौशी गिऱ्हाइकाची मागणी अशी की, 2005 साली जुनीच रचना 54 जीएल या नावाने तिला पुन्हा विकावी लागली. हा प्रसंग पंत साल्हेरच्या लढाईच्या आवेशात सांगतात. 2016 साली ओपनडब्ल्यूआरटीची मंडळी कारभाराच्या पद्धतीवरून फुटली, वेगळी चूल मांडून तिला त्यांनी लेडे हे नाव दिले, आणि 2018 च्या आरंभी दोन्ही पक्ष पुन्हा एक झाले, हे सांगताना मात्र त्यांचा आवाज कातर होतो. मराठी माणसाने फुटलेल्या मंडळ्या उदंड पाहिल्या आहेत. फुटून एक झालेल्या पाहण्याचा योग त्याला फारसा येत नाही.

प्रत्यक्ष कार्य शनिवारी रात्री, घर झोपल्यावर. संगणक इन्व्हर्टरच्या खटक्यावर घेतलेला, कारण फ्लॅश लिहिली जात असता वीज गेली तर सगळेच मुसळ केरात. जोडणी वायफायने चालत नाही, पिवळी केबलच हवी. उतरवून घेतलेल्या फाइलची चेकसम पंत अक्षर-अक्षर ताडून पाहतात, कंपनीच्या कारभारातून प्रथमच बाहेर पडायचे असेल तर ‘फॅक्टरी’ नावाची फाइल आणि एकदा बाहेर पडल्यावर ‘सिसअपग्रेड’ नावाची, हा भेद मोठ्याने पुटपुटतात आणि बटण दाबतात. दिवे मिचकतात. पट्टी सरकते. मग दिवे मिचकायचे थांबतात, आणि पंत 192.168.1.1 या पत्त्यावर हाका मारीत राहतात.

उत्तर आले नाही तर डबा ‘ब्रिक’ झाला असे म्हणतात, आणि खरे सांगायचे तर पंतांची कळी येथेच खुलते. डीडी-डब्ल्यूआरटीच्या संप्रदायात यावर 30-30-30 नावाचे अनुष्ठान आहे: रिसेटचे बटण तीस सेकंद दाबून धरावे, न सोडता वीज काढून आणखी तीस, पुन्हा वीज देऊन आणखी तीस. ओपनडब्ल्यूआरटीवाले याला अंधश्रद्धा समजतात. पंत दोन्हीकडचे मानतात. अंगठा दुखेपर्यंत अनुष्ठान करून ते टीएफटीपीकडे वळतात. संगणकाला 192.168.0.66 हा पत्ता द्यायचा, ठराविक नावाची फाइल मांडून ठेवायची आणि रिसेट दाबून धरून डब्याला वीज द्यायची. नशीब असेल तर मेलेला डबा शुद्धीवर येऊन ती फाइल आपणहून मागतो. तेही न झाले तर कवच उघडून तापकीर गल्लीतून आणलेल्या डाखणीने तीन वायरी डाखायच्या, ग्राउंड, पाठवण्याची आणि घेण्याची, आणि चौथीला, 3.3 व्होल्टच्या वायरीला, चुकूनही शिवायचे नाही. मग 115200 च्या वेगाने काळ्या पडद्यावर डब्याचे मनोगत ओळीओळीने वाहू लागते. या घटकेला पंतांच्या मुद्रेवर जो प्रसन्नपणा असतो, तो त्यांच्या पगारवाढीच्या दिवशीही कोणी पाहिलेला नाही.

अशाच एका रात्री वहिनी पाणी प्यायला उठल्या होत्या. ओपनडब्ल्यूआरटीच्या जुन्या आवृत्त्यांना मद्यमिश्रणांची नावे देण्याची आणि प्रवेश करताच त्या मिश्रणाची कृती पडद्यावर छापण्याची प्रथा होती. पंत सुपारीच्या खांडालाही न शिवणारे. वहिनींनी त्यांच्या खांद्यावरून पाहिले तो पडद्यावर दीड औंस जिन, तितकाच संत्र्याचा रस, लिंबू आणि आणखी काही परदेशी नावे.

“अहो, हे काय?”

“पंधरा-शून्य-पाच,” पंत मान न वळवता म्हणाले.

वहिनी हे प्रमाण आहे असे समजून झोपायला गेल्या.

या खटाटोपातून घराला काय मिळते, हा प्रश्न उरतोच. पंत प्रथम जाहिराती अडवणारे पॅकेज बसवतात. परिणाम असा की वहिनींनी शोधलेल्या पैठणीच्या दुकानांपैकी सगळ्यांत वरची दोन-तीन उघडतच नाहीत, कारण ती पैसे देऊन वर आलेली असतात. पाहुण्यांसाठी निराळे जाळे, टीव्हीसाठी निराळे, आणि प्रत्येकाचा परवलीचा शब्द वीस अक्षरांचा. आलेल्या व्याह्यांनी तो टंकेपर्यंत चहा निवतो. एक गोष्ट मात्र निखालस उपयोगाची. घरातले एक माणूस फोटो वर चढवू लागले की दुसऱ्याच्या व्हिडिओ कॉलवर आवाज तुटतो, याचे कारण डब्यातली रांग बेसुमार वाढते हे आहे, आणि त्यावर कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी 2012 साली मांडलेली कोडेल नावाची युक्ती ओपनडब्ल्यूआरटीने फार लवकर आपलीशी केली. तिचा पुरता लाभ घ्यायचा तर आपल्या जोडणीचा वेग आपणच थोडा कमी बांधून घ्यावा लागतो, म्हणजे रांग आपल्या हाती राहते. शंभरची जोडणी नव्वदवर आणून ठेवणारा मनुष्य शेजाऱ्यांना वेडा वाटतो. तो वेडा नाही. या एका बाबतीत तो शंभर टक्के बरोबर आहे. वेडेपणा असलाच तर तो दोनशेच्या वेगाचे पैसे भरून ज्याची दारेच शंभरची आहेत असा जुना डबा मध्ये बसवण्यात आहे, आणि पंतांनी तेही केलेले असते.

कारण त्यांचा खरा दावा वेगाचा कधीच नव्हता. घर माझे, वीज माझी, डबा मी रोकड मोजून आणलेला. मग त्यातली मुखत्यारी दुसऱ्याकडे का, एवढीच त्यांची फिर्याद. इंटरनेट कंपनीचा मुलगा नवा डबा घेऊन फायबर बसवायला येतो, तेव्हा ही फिर्याद सुनावणीला निघते.

“काका, आमचाच डबा ठेवा ना. वायफाय त्यातच आहे.”

“तो ब्रिज मोडवर टाक. पुढचं माझा राउटर बघेल.”

“ते आमच्या हातात नसतं काका, ते वरून होतं.”

“वर कोण आहे?”

मुलगा छताकडे पाहतो. पंत तक्रार क्रमांक घेतात.

आता हसणाऱ्यांसाठी थोडे पलीकडचे. 2017 च्या ऑक्टोबरात वायफायच्या डब्ल्यूपीए-2 या कुलपातच खोट असल्याचे जाहीर झाले. जगातल्या असंख्य राउटरांना त्यावरची दुरुस्ती कधीच मिळाली नाही, कारण विकून झालेल्या मालाकडे पुन्हा पाहण्यात कोणाला स्वारस्य नव्हते. लेडेच्या स्वयंसेवकांनी त्याच महिन्यात 17.01.4 ही आवृत्ती काढली. आमच्या पंतांनी ती आपल्या आणि दोन शेजाऱ्यांच्या डब्यांत त्याच आठवड्यात घातली, आणि कोणी आभार मानले नाहीत, कारण काय टळले हे कोणाला कळले नाही.

आणि खुल्या जगालाही मर्यादा आहेत. आज्ञावली पुष्ट होत गेली, 4 मेगाबाइटमध्ये तिला पाय पसरता येईना, आणि 19.07 नंतर ओपनडब्ल्यूआरटीने 4 व 32 च्या डब्यांना निरोप दिला. पंतांच्या मुलीने मोबाइलवर काढलेला पुरणपोळीचा फोटो या 4 मेगाबाइटहून मोठा असतो. पंतांनी निर्णय मान्य केला नाही. त्यांनी रात्री बसून संहितेतून आपली स्वतःची फाइल तयार केली, तिच्यातून माऊसने चालणारा लुसी हा दर्शनी भाग काढून टाकला, जागा वाचवली आणि काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून जुना डबा चालता ठेवला. तो हल्ली गच्चीवरच्या टाकीपाशी संस्थेच्या कॅमेऱ्याला जोडलेला आहे. त्यावरून टाकीत पाणी किती हे दिसते, आणि गेल्या पावसाळ्यातही ते दिसत होते.

वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर जुना राउटर पडला असेल तर तो भंगारात घालू नये. तळाची चिठ्ठी शाबूत ठेवून, अडॅप्टरसह, आपल्या संस्थेतल्या पंतांच्या स्वाधीन करावा. मात्र घरात चालू असलेल्या राउटरला त्यांना हात लावू देऊ नये, आणि मुलांच्या परीक्षा सुरू असतील त्या आठवड्यात तर पंतांना चहालाही बोलावू नये.