दुतोंड्या मारुतीस खुले पत्र

प्रति,
श्री. दुतोंड्या मारुती,
रामकुंडाजवळ, गंगाघाट, पंचवटी, नाशिक.

विषय : लोकांच्या लक्षात राहण्याची युक्ती कळवणेबाबत.

महोदय,

अर्जदार पंचवटीचा कायम रहिवासी आहे. गंगापूर धरणातून पाणी सुटले की अख्खे नाशिक एकच प्रश्न विचारते, ‘मारुतीच्या कुठपर्यंत आलं?’ किती क्युसेक सोडले ते पाटबंधारे खात्याने सांगावे. नाशिककराचे माप म्हणजे गोदावरीच्या (आमच्या भाषेत गंगेच्या) पात्रातल्या आपल्या मूर्तीचा गुडघा, कंबर आणि छाती. ऑगस्ट 2019 मध्ये तर आपल्या डोक्यावरून पाणी गेले आणि लोक पुलाकडे मोबाइल घेऊन धावले. एवढी विचारपूस गावातल्या दुसऱ्या कुठल्या दगडाच्या वाट्याला येत नाही.

हुतात्म्यांच्या तर नाहीच नाही. मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळात राज्यभर गावोगावी हुतात्मा स्मारके बांधायचे ठरले आणि दोनशेच्या आसपास उभीही राहिली. झेंडावंदनाच्या दिवशी तिथे चुन्याची रांगोळी पडते, एक हार चढतो, आणि तो हार पुढच्या झेंडावंदनापर्यंत वाळत बसतो.

नाशिकने मात्र यावर तोड काढली. स्मारक कोणी बघत नाही ना? मग हुतात्म्याचा पत्ताच करून टाकायचा. अनंत कान्हेरे म्हणजे मैदान. तिथे रणजीचे सामने होतात, प्रदर्शने भरतात, सभा होतात. इतके करूनही सकाळी फिरायला निघालेला माणूस जुन्याच नावाने ‘गोल्फ क्लबवर भेटू’ असे म्हणतो, ते सोडा.

आपल्याला दोन तोंडे असल्याने आपण दोन्ही बाजूंचे पाहिले असेल, तरी अर्जदार आठवण करून देतो. 21 डिसेंबर 1909 ची रात्र. गंगेपलीकडे, गावातल्या विजयानंद थिएटरात ‘शारदा’चा प्रयोग. बदली झालेल्या कलेक्टर जॅक्सनला निरोप म्हणून तो ठेवला होता. हा साहेब संस्कृतचा जाणकार, लोक त्याला पंडितच म्हणत. पण बाबाराव सावरकरांना कविता छापल्याबद्दल जन्मठेप झाली त्यात त्याचा हात होता, हेही लोकांना ठाऊक होते. औरंगाबादेहून आलेल्या कान्हेऱ्याने त्याला तिथेच गोळ्या घातल्या. पोराचे वय अठराच्या आतले. 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिली, आणि त्याच दिवशी त्याच कटातले कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांनाही.

फाशी तिघांना, मैदान एकाच्या नावे. कर्वे-देशपांडे कुठे राहतात, असे आज विचारले तर लोक सोसायटीचे नाव विचारतील.

अर्जदाराने कागदोपत्रीही प्रकरण तपासले. स्वातंत्र्यसैनिकांच्या केंद्रीय पेन्शनसाठी साधारण सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची अट होती. अटकेपासून फाशीपर्यंत कान्हेऱ्याचे भरले 119 दिवस. म्हणजे कैदी म्हणून अर्ज केला असता तर ‘अट पूर्ण होत नाही’ असा शेरा मारून फाईल परत आली असती. फाशी गेलेल्यांसाठी त्याच योजनेत वेगळी तरतूद आहे, एवढेच त्याचे नशीब.

आता खुद्द आपल्या अखत्यारीतला मुद्दा. रामकुंडात देशभरातून अस्थी येतात. गांधीजींच्याही आल्या, बाजूच्या तलावाला त्यांचेच नाव आहे. पण ज्या तिघांवरून नाशिकचे नाव लंडनपर्यंत गाजले, त्यांची रक्षा काही या कुंडात आली नाही. सरकारने प्रेते नातेवाइकांना दिली नाहीत. ठाण्याच्या खाडीकाठी परस्पर जाळली आणि राख पाण्यात सोडून दिली.

तरी विनंती, की आपल्या अंगावरची थोडी जागा उपलब्ध करून द्यावी. गुडघ्याला कर्वे, कमरेला देशपांडे, छातीला कान्हेरे अशा तीन खुणा केल्या की पुराच्या बातमीत निदान नावे तरी येतील. ‘पाणी देशपांड्यांपर्यंत पोचले’ असे कोणी ओरडले, तर शेजारचे पोर विचारेल, ‘हे कोण?’

कळावे,
आपला नम्र,
एक पंचवटीकर

ता. क. : 19 एप्रिलला गंगेला पूर नसतो. त्या दिवशी आपल्याकडेही कोणी फिरकणार नाही, तेव्हा अर्ज निवांत वाचावा.